खेळत नाही म्हणजे नक्की काय करत नाही?

लहान मुलं खेळण्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत यावरून हल्ली जो वाद चालतो ना, तो ऐकून ऐकून माझं डोकं उठलंय. एक पार्टी म्हणते, मुलांचं कशात लक्षच लागत नाही, मोबाईलने वाट लावलीय, नाहीतर तुम्ही खेळणी चुकीची आणली असतील, जरा वयाला साजेशी, डोक्याला चालना देणारी आणा, मग बघा कसं तासभर एका जागी बसतंय. दुसरी पार्टी म्हणते, खेळणी हेच मुळात थोतांड, सगळं प्लास्टिक बाहेर काढा, चार लाकडी ठोकळे ठेवा, बस्स, आमच्या लहानपणी कुठे होतं हे सगळं, आम्ही नाही का वाढलो. दोघांचंही म्हणणं फिरून फिरून कपाटापाशीच येतं, कपाटात काय असावं आणि काय नसावं. आणि जिच्यावरून हे चाललंय ती अडीच वर्षांची बाई तेवढ्या वेळात पलंगाखाली शिरून घरातल्या सगळ्यांच्या चपला एका रांगेत लावत असते, तिला कोणी काही विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. खेळण्यांशी न खेळणारं मूल बहुतेक वेळा भरपूर खेळत असतं, फक्त त्याच्या खेळाला आपण खेळ म्हणत नाही. पसारा म्हणतो, लुडबुड म्हणतो, मस्ती म्हणतो. गोची बहुधा आपल्या भाषेतच आहे. मराठीत 'खेळणं' हे नामही आहे आणि क्रियापदही, एकाच शब्दात वस्तूही बसते आणि कृतीही, त्यामुळे 'ती खेळण्यांशी खेळत नाही' हे वाक्य दोन घरं ओलांडेपर्यंत 'ती खेळतच नाही' असं होतं आणि तिसऱ्या घरी पोचेपर्यंत 'एकदा दाखवून आणा तिला' असं होतं. नामाला नाही म्हटलं म्हणून क्रियापदालाही नाही म्हटलं, असा अर्थ कसा काय निघतो? वाद घालायचाच असेल तर मुलाच्या कपाटात काय आहे यावर नको, त्याच्या दिवसात काय आहे यावर घालूया.

माझी भाची आता तीन वर्षांची होईल. मागे एकदा बहिणीचा फोन आला, अगं ही काही खेळतच नाही, आणलेलं सगळं तसंच पडून आहे, काही प्रॉब्लेम तर नसेल ना? मी दोन दिवस राहायला गेले आणि नुसती बघत बसले. कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पिशवी तिने ओढत आणली, सगळे चिमटे जमिनीवर ओतले आणि रिकाम्या बादलीच्या काठाला एकेक चिमटा लावायला लागली. चिमटा दाबायला एका हाताची ताकद पुरेना, मग दोन्ही हातांनी दाबायचा, पण दोन्ही हात चिमट्यात अडकले की बादली सरकायची, मग बादली दोन पायांच्या मध्ये घट्ट धरायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, चौथ्या-पाचव्या चिमट्याला तिचं तिलाच सुचलं. जीभ बाहेर, कपाळाला आठी. पिवळे चिमटे तिने वेगळे काढून ठेवले होते, का ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. काठ पूर्ण भरला तशी उठली, बादलीभोवती एक चक्कर मारली, आणि सगळे काढून परत पहिल्यापासून. चाळीस मिनिटं, मी घड्याळ बघत होते. तेवढ्यात बहीण आत आली, 'अगं बाई, पसारा बघ हिचा' म्हणत तिने चिमटे गोळा करून पिशवीत टाकले आणि रंगीत रिंगा एकावर एक रचायचं खेळणं तिच्यासमोर ठेवलं, 'हे घे, खेळ.' ती रिंगांकडे बघून जी रडायला लागली! 'बघितलंस?' बहीण मला म्हणाली, 'खेळतच नाही.'

बहिणीला मी दोष देत नाही, मी पण तेच केलं असतं. पण गंमत बघा, रिंगा रचायच्या त्या खेळण्याच्या खोक्यावर जे जे लिहिलेलं असतं, बोटांची ताकद, हात आणि डोळ्यांचा मेळ, एकाग्रता, ते सगळं बादलीपाशी चालूच होतं, वर एक अडचण आली ती तिची तिने सोडवली होती. फरक एवढाच की चिमटे मोठ्यांच्या जगातले खरे चिमटे होते, आणि रिंगा तिच्यासाठी मुद्दाम बनवलेल्या होत्या. मुलांना हा फरक कळतो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर कळतो.

हे काही आजच कोणाच्या लक्षात आलंय असंही नाही. मारिया माँटेसरींनी जानेवारी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे खेळणी होती, चांगली भारीतली होती, पण मुलं स्वतःहून ती घेईनात. बाईंना याचं इतकं नवल वाटलं की त्या स्वतः मुलांबरोबर बसून ती कशी खेळायची ते दाखवायला लागल्या, मुलांनी थोडा वेळ बघितलं आणि उठून गेली. मुलांना हवं होतं झाडणं, पुसणं, पाणी ओतणं, बटणं लावणं. आता कोणी म्हणेल की ही एका बाईची निरीक्षणं, त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं. बरोबर आहे, म्हणून दुसरं उदाहरण घेऊ. अमेरिकेत अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला, ३ ते ६ वर्षांच्या मुलांना विचारलं की अमुक एक गोष्ट तुला खरोखर करायला आवडेल की खोटी खोटी? मुलांचा कल खऱ्याकडे होता, आणि तो ३ ते ४ या वर्षात वाढून पुढे तसाच टिकला. खोटा स्वयंपाक, खोटी मासेमारी यांचं आकर्षण आहेच, पण खरं करायला मिळत नाही तेव्हा खोट्यावर भागवणं हाही त्यातला एक भाग आहे. आपण मुलाला खेळण्यातलं स्वयंपाकघर आणून देतो आणि ते खऱ्या ओट्याला लोंबकळतं, यात आश्चर्य करण्यासारखं काय आहे?

आता इतिहासात जरा मागे जाऊ, कारण खेळणी म्हणजेच बालपण असं आपण जे धरून चाललोय ते तपासायला हवं. पीटर ब्रॉयगेल या चित्रकाराने १५६० मध्ये मुलांच्या खेळांचं एक मोठं चित्र काढलं, सध्या ते व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. दोनशेच्या वर मुलं, अख्खं गावच्या गाव खेळतंय. त्यात बाहुल्या आहेत, भोवरे आहेत, काठीचा घोडा आहे, नाही असं नाही. पण बाकी चित्रभर काय चाललंय? एकमेकांच्या पाठीवरून उड्या, डोळे बांधून पकडापकडी, कुणी पिंपावर चढून बसलंय, कुणी कठड्यावर उलटं लटकलंय, कुणी कोलांट्या मारतंय, खोट्या लग्नाची वरात निघालीय, आणि एक पोर काठीने चक्क शेण का काय ते ढवळत बसलंय. हाडं, चाकांच्या कड्या, विटा, टोप्या, हाताला लागेल ते. ४०० वर्षांनी इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी हे नवरा-बायको रस्त्यावर आणि शाळेच्या मैदानात मुलं आपापली काय खेळतात ते वर्षानुवर्षं गोळा करत हिंडले आणि १९६९ मध्ये जाडजूड पुस्तक काढलं. त्यातल्या बहुतेक सगळ्या खेळांना खेळणाऱ्यांशिवाय काहीच लागत नाही. म्हणजे खेळ हा मुख्यतः दुसऱ्या माणसाबरोबर करायचा उद्योग होता, वस्तू असलीच तर मधे यायची, आली नाही तरी कुणाचं अडत नव्हतं.

यावर लगेच उत्तर येतं, आणि ते चांगलं उत्तर आहे, की खेळणी ही काही कंपन्यांनी काल काढलेली टूम नाही. मान्य. मोहेंजोदडोला भाजक्या मातीच्या इवल्याशा गाड्या सापडल्यात, मान हलवणारा बैल सापडलाय, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या पोरासाठी बसून ते केलं असणार. आणि मृच्छकटिक नाटकाचं तर नावच खेळण्यावरून पडलंय, चारुदत्ताचा मुलगा रोहसेन मातीची गाडी नको, सोन्याचीच हवी म्हणून रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. म्हणजे मुलांना खेळणी हवी असतात की! हो, असतात. पण रोहसेन का रडत होता ते आठवा. शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी तो खेळला होता आणि त्या मुलाने ती परत नेली. गाडीपेक्षा शेजारचा मुलगा गेला याचं दुःख त्यात किती होतं, हे नाटककाराने सांगितलेलं नाही, पण दोन वर्षांच्या दोन मुलांना एकाच खोक्यावरून भांडताना ज्याने बघितलंय त्याला अंदाज येईल. दुसरा उठून गेला की ते खोकं तिथंच पडून राहतं.

आता खेळण्यांशिवायचा खेळ म्हणजे नुसती धावाधाव असं समजू नका, त्याचे इतके प्रकार आहेत आणि त्यातले निम्मे आपल्या डोळ्यासमोरून निसटतात. रूथ वीर नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी आपला अडीच वर्षांचा मुलगा रात्री झोपायच्या आधी अंधारात एकटा पडून काय बडबडतो ते टेप करून ठेवलं, १९६२ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तो शब्द उलटेपालटे करत होता, एका वाक्यात एकच शब्द बदलून बदलून बघत होता, आवाजाला आवाज जुळवत होता, हातात काही नाही, समोर कोणी नाही, दिवा बंद. हा खेळ नाही? दुसरं, मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार मांडले, त्यात एक प्रकार नुसतं बघत उभं राहण्याचा आहे. बाकीची खेळतायत, हे मूल बाजूला उभं राहून बघतंय, मधेच काहीतरी विचारतंय, पण शिरत नाहीये. आपण काय करतो, पाठीत हात घालून 'जा ना, तू पण खेळ' म्हणत ढकलतो. ते आधीच खेळात आहे, नियम शिकतंय, कोण मारतो आणि कोण रडतो याचा हिशोब लावतंय, आत शिरायला त्याला अजून आठवडा लागेल.

आणि फेकणं! याच्यावर तर मी वेगळा लेख लिहीन. वर्षाचं मूल उंच खुर्चीवरून चमचा खाली टाकतं, आपण उचलून देतो, ते परत टाकतं, आपण परत उचलतो, पाचव्यांदा आपण चिडतो. क्रिस एथी या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात लहान मुलांचा बारकाईने अभ्यास करून दाखवलं की मुलांच्या वागण्यात असे साचे असतात, कोणी काही दिवस फक्त फेकतं, कोणी सगळं गुंडाळतं, कोणी सामान एकीकडून दुसरीकडे वाहून नेतं, कोणी गोल फिरतं आणि गोल फिरणाऱ्या गोष्टींमागे लागतं. ज्याच्या डोक्यात सध्या वाहून नेणं आहे त्याच्यापुढे तुम्ही जोडायची चित्रं ठेवलीत तर ते एक तुकडा पण जोडणार नाही, सगळे तुकडे पिशवीत भरून दुसऱ्या खोलीत नेऊन ओतेल. आणि आपण म्हणणार, खेळणं वाया गेलं. ते पिशवी भरून नेत होतं तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?

आता सगळ्यात जड आक्षेप. मूल खेळण्यांशी खेळत नाही, याच्यामागे कधी कधी खरंच काहीतरी असतं, आणि असा 'काही नाही हो, असतात मुलं अशी' छाप लेख वाचून कोणाची सहा महिने वाट बघण्यात गेली तर त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न मला स्वतःलाच लिहिताना टोचत होता. मी डॉक्टर नाही, त्यामुळे जपून बोलते. पण ऑटिझमची प्राथमिक चाचपणी करायला जगभर जी प्रश्नावली वापरतात, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, २० प्रश्नांची, एम-चॅट म्हणून, ती एकदा नीट वाचा. त्यात लुटुपुटूच्या खेळाबद्दल प्रश्न आहे, आणि त्यातली उदाहरणं कोणती, तर रिकाम्या कपातून प्यायल्यासारखं करतं का, फोनवर बोलल्यासारखं करतं का, बाहुलीला भरवल्यासारखं करतं का. तीनपैकी दोन गोष्टींना दुकानात जावं लागत नाही. बाकी प्रश्न काय विचारतात? बोट दाखवून काही दाखवतं का, नावाने हाक मारली की बघतं का, एखादी गोष्ट आणून तुम्हाला दाखवतं का, दुसऱ्या मुलांमध्ये रस आहे का, तुमच्या डोळ्यात बघतं का. म्हणजे सगळा भर माणसांवर आहे. माझ्या भाचीने बादली भरल्यावर माझ्याकडे बघितलं होतं, 'बघ' असं त्या नजरेत होतं, आणि तिथेच मी निम्मी निर्धास्त झाले होते. हे होत नसेल, येत असलेले शब्द जायला लागले असतील, तर उद्याच मुलांच्या डॉक्टरांकडे जा, कपाटात चाळीस खेळणी असोत की एक नसो. मला उलट भीती वाटते ती अशी की खेळण्यांवर नजर ठेवून बसलेले आईबाप 'रिंगा छान रचतो की' म्हणून समाधानी राहतील आणि रिंगा रचताना तो मान वर करून कोणाकडे बघतच नाही हे त्यांच्या लक्षात येणार नाही.

दुसरा आक्षेपही दमदार आहे. खोक्यात आणि काठीत मुलं रमतात हे म्हणायला सोपं, पण ते म्हणतं कोण, ज्याच्या घरी खेळणी भरून वाहतायत तो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला 'तुझं पोर भाग्यवान' म्हणणं हा चक्क उद्धटपणा आहे. मला हे पटतं. आणि याच्या बाजूचा पुरावाही भक्कम आहे. जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांमध्ये, १९८६-८७ पासून सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या टीमने वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर काम केलं, मुलं ९ ते २४ महिन्यांची. त्यातल्या काही घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जायच्या, दोन वर्षं, सोबत खेळणी घेऊन. वीस वर्षांनी बघितलं तर या मुलांची कमाई भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती, २०१४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. घ्या, खेळण्यांचा एवढा फायदा! पण थोडं जवळ जाऊन बघा. ती खेळणी टाकाऊ वस्तूंपासून घरी बनवलेली होती, आणि आरोग्यसेविका नुसती खेळणी ठेवून निघून येत नव्हती. ती आईला मुलाशी बोलायला, त्याच्याबरोबर खेळायला, त्याने काही केलं की दाद द्यायला शिकवत होती, खेळणं हे त्या तासाचं निमित्त होतं. नुसतं खेळणं कुरियरने पाठवून २५ टक्के मिळाले असते का? गरीब मुलाच्या वाट्याला खेळणी आली पाहिजेत यात वादच नाही, पण खेळणी वाटली आणि आपलं काम झालं असं समजणाऱ्यांनी तो तास विसरू नये, महागडी गोष्ट तीच होती.

सुरक्षेचा मुद्दा मी थोडक्यात आवरते कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. खेळण्यांची तपासणी होते, घरातल्या वस्तूंची होत नाही. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कोणताही सुटा भाग ३१.७ मिलीमीटर व्यासाच्या एका नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये असा नियम आहे, ते नळकांडं साधारण लहान मुलाच्या घशाच्या मापाचं. तुमच्या ड्रॉवरमधल्या बटणांना, नाण्यांना, रिमोटच्या सेलला हा नियम माहीत नाही. बटणासारखे चपटे सेल आणि छोटी चुंबकं पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. तेव्हा चिमटे द्या पण स्प्रिंग निखळलेले देऊ नका, पाणी द्या पण बादलीपाशी एकटं सोडून जाऊ नका. याचा अर्थ खेळ बंद करायचा असा नाही, तिथे बसून राहायचं असा आहे, आणि बसून राहायलाच आपल्याला वेळ नसतो.

मोबाईलवाल्यांचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. स्क्रीनची चटक लागलेल्या मुलाला खेळण्यात रस वाटत नाही हे खरं, पण त्याला चिमट्यातही वाटत नाही आणि धावण्यातही वाटत नाही, सगळ्यातच वाटत नाही. जे मूल खेळणी सोडून दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतंय त्याला मोबाईलच्या खात्यात टाकणं म्हणजे तापाच्या पेशंटला आणि मॅरेथॉनवाल्याला घाम येतो म्हणून एकच गोळी देण्यासारखं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात १ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसात किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं आहे, आणि २ ते ४ वर्षांसाठी बसून स्क्रीन बघणं एका तासाच्या वर नको. १८० मिनिटं! तीन तास! एका जागी बसून छान रिंगा रचणाऱ्या गुणी बाळाचे हे तीन तास कुठून भरायचे? सोफ्यावरून उड्या मारणारं पोर ते कोणी न सांगता भरतंय आणि वर बोलणी खातंय.

आता माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडते, कारण ते जास्त वैताग आणतात. लाकडीच पाहिजे, नैसर्गिकच पाहिजे, रंग फिकटच पाहिजे, हा सगळा मोठ्यांच्या दिवाणखान्याचा प्रश्न आहे, मुलाला प्लास्टिकचा डबा आणि लाकडाचा डबा यात आवाज कोणाचा मोठा एवढंच बघायचं असतं. सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की एखाद्या जागी सुट्या, हलवता-जोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथे काहीतरी नवं सुचायची शक्यता जास्त. सुंदर विचार. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये, जर्मनांनी व्यापलेल्या डेन्मार्कमध्ये सोरेन्सेन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून कोपनहेगनजवळ एमड्रुपला भंगाराचं मैदान उभं राहिलं, कारण त्यांनी बघितलं होतं की आपण आखून दिलेल्या सुबक मैदानांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारातच जास्त रमतात. फळ्या, विटा, दोऱ्या, हातोडी, मुलं स्वतः घरं बांधायची आणि पाडायची. आणि आज याचं आपण काय केलंय? 'सुट्या वस्तूंचे' छान खोक्यात भरलेले संच विकायला ठेवलेत, मोजून मापून, सँडपेपर मारून. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या एका संग्रहालयात खेळण्यांचं मानाचं दालन आहे, तिथे २००५ मध्ये पुठ्ठ्याचं खोकं आणि २००८ मध्ये काठी यांना स्थान मिळालं. काठीचा सत्कार झाला, छान झालं, पण काठी हातात घेतलेल्या मुलाला 'टाक ती आधी, डोळ्यात जाईल' म्हणायचं आपण थांबवलंय का?

आणि 'खेळणी नकोतच' हेही खरं नाही. टोलेडो विद्यापीठातल्या लोकांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन बघितलं, ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. शून्य देऊन कोणी बघितलं नव्हतं, हे 'सगळं बाहेर काढा'वाल्यांनी लक्षात घ्यावं. ठोकळे, चेंडू, बाहुली या गोष्टी उगाच शतकानुशतकं टिकलेल्या नाहीत. एवढंच कशाला, ज्या लिलार्डबाईंचा दाखला मी वर दिला त्यांनीच २०१३ मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलंय की लुटुपुटूच्या खेळाने सर्जनशीलता आणि बुद्धी वाढतेच याचा पुरावा लोक समजतात तेवढा पक्का नाही. तेव्हा चिमट्यांनी पोरगी इंजिनिअर होईल असला दावा मी करणार नाही. तिला ते करायचं होतं आणि त्यात कोणाचं काही बिघडत नव्हतं, एवढं कारण मला पुरतं.

मग मुलाने खेळण्यांशीच खेळावं असा आपला एवढा आग्रह का? मला विचाराल तर उत्तर जरा लाजिरवाणं आहे. खेळणी आपल्या सोयीची असतात. खेळण्यांशी खेळणारं मूल एका जागी असतं, त्याचा पसारा कोपऱ्यात मावतो, आणि मुख्य म्हणजे त्याला आपण लागत नाही. ब्रायन सटन-स्मिथ यांनी आयुष्यभर खेळाचा अभ्यास केला, त्यांनी १९८६ मध्ये खेळण्यांवर लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलंय, की आपण प्रेमाने खेळणं देतो ते नातं जोडायला, आणि त्यातच 'आता जा, एकटा खेळ' हाही निरोप असतो. चिमटे, पाणी, उड्या, लपंडाव, 'मी पण करू', 'हे काय आहे', या सगळ्याला माणूस लागतो, निदान माणसाची परवानगी लागते. आणि दोन नोकऱ्या करून थकलेल्या आईबापांकडे नेमकी तीच शिल्लक नसते. यात मी कोणाला नैतिक धडे देत नाहीये, मी स्वतः भाचीला सांभाळताना तिसऱ्या तासाला हातात जे येईल ते खेळणं तिच्यापुढे सरकवलेलं आहे. फक्त मग आपण खरं बोलूया की 'मला अर्धा तास हवाय.' तो हक्काने मागावा, त्यात काही गैर नाही. पण आपल्या अर्ध्या तासाची गरज मुलाच्या विकासाच्या नावावर खपवली की मग मूल खेळण्याकडे वळलं नाही तर आपल्याला राग येण्याऐवजी काळजी वाटायला लागते, त्या काळजीतून आणखी एक खेळणं येतं, आणि पुढच्या महिन्यात परत फोन.

परवा तसा फोन आलाच. आता भाचीचं वेड दाराच्या कड्यांचं आहे, कपाटाची कडी उघड, लाव, उघड, लाव, दिवसभर खटखट. बहिणीने डोकं चालवून कड्या-कुलपांचा एक बोर्ड मागवला, एका फळीवर सात-आठ तऱ्हेच्या कड्या, कोयंडे, बिजागरीची छोटी छोटी दारं. मी म्हटलं, अरे वा, हे बरं सुचलं तुला. भाची त्याच्यापुढे बसली, एकेक करून सगळ्या कड्या उघडल्या, प्रत्येक दार उघडून आत वाकून बघितलं. प्रत्येकाच्या मागे तीच फळी. मग उठली आणि कपाटाकडे गेली, तिथे दाराच्या मागे निदान कपडे तरी आहेत.